कस्टम ब्रोकरची परीक्षा आणि अभ्यासिका

स्पष्टच सांगतो. कस्टम ब्रोकरच्या लायसन्सची परीक्षा ही अभ्यासिकेत बसून देण्याची परीक्षा नाही. हे वाक्य मी गेले काही महिने फोनवर इतक्या नातेवाइकांना ऐकवलंय की म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं.

झालं असं की सोनाळ्याच्या माझ्या भाच्याने एमपीएससीचा नाद सोडून या परीक्षेचं मनावर घेतलंय. बी.कॉम. आहे, दोन वर्षं अकोल्याच्या अभ्यासिकेत काढली आहेत, आणि मामा न्हावा-शेवाला याच लाईनमध्ये वीस वर्षं आहे. तेव्हा घरच्यांना वाटतं की मामाने चार पुस्तकं सुचवावीत, पोराने ती पाठ करावीत आणि पास व्हावं. माझं म्हणणं उलटं आहे. आधी डॉकवर ये, परीक्षेचं मग बघू.

आता मंडळी म्हणतील, याला स्वतःला लायनीत घेतलं की दुसऱ्याला अडवायला मोकळा! तसं नाही. नियमच बघा ना. 2018 च्या नियमांप्रमाणे नुसत्या पदवीवर या परीक्षेला बसताच येत नाही. पदवीवर एमबीए, सीए, एलएलबीसारखं काहीतरी हवं, किंवा कस्टम क्लिअरन्सचा मान्यताप्राप्त डिप्लोमा, नाहीतर जी-कार्ड घेऊन किमान 2 वर्षं प्रत्यक्ष काम केलेलं असावं. (एच-कार्ड बारावी झालेल्यालाही मिळतं. तिथून सुरुवात करायची, मग खात्याची छोटी परीक्षा देऊन जी-कार्ड.) डिप्लोम्याची वाट कायदेशीर आहेच. पण त्या वाटेने आलेली पोरं मी पाहिली आहेत. बिल ऑफ एंट्रीची व्याख्या घडाघडा म्हणतात, आणि खरं बिल समोर ठेवलं की कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते विचारतात.

परीक्षा नॅसिन घेते. 150 प्रश्न, अडीच तास, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. बरोबर उत्तराला 3 गुण, चुकलं तर 1 वजा. एकूण 450, पास व्हायला 270. भाच्याला मी हिशोब करून दाखवला: सगळे 150 सोडवलेस तर 105 बरोबर यावे लागतील, आणि खात्रीचे 90 सोडवून थांबलास, एकही चुकला नाही, तरी पास. एमपीएससीवाल्याला हे पचत नाही. त्याला वर्षानुवर्षं कट-ऑफची भीती घातलेली असते. इथे शेजारच्याला किती पडले याच्याशी काही देणंघेणं नाही. लेखीनंतर तोंडी असते, ती वेगळीच गंमत. पेपर इंग्रजी आणि हिंदीत. मराठी नाही. यावर माझं मत तिखट आहे, पण आज नको.

अभ्यासिकेचा दुसरा घोटाळा म्हणजे जुन्या नोट्स. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती. भाच्याला मिळालेल्या गठ्ठ्यात आयातीवरची सीव्हीडी आणि एसएडी छान समजावून सांगितली होती. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा त्यांची जागा आयजीएसटीने घेतली! 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिताही गेली, न्याय संहिता आली. शिवाय दर फेब्रुवारीत बजेट दर हलवतं. इथे शिळं पुस्तक हे पुस्तक नसल्यापेक्षा वाईट.

एक उदाहरण देतो. बोटीतला माल यायचाय. बिल ऑफ एंट्री आगाऊ भरलं 30 जानेवारीला. 1 फेब्रुवारीला बजेटमध्ये ड्युटी वाढली. बोटीला कस्टमची 'एंट्री इनवर्ड' मिळाली 3 तारखेला. डॉलरचा दर कुठला धरायचा? 30 जानेवारीचा, कारण बिल त्या दिवशी भरलं. आणि ड्युटीचा दर? 3 फेब्रुवारीचा. एकाच कागदावर दोन तारखा! कायद्याचं कलम 14 आणि कलम 15 शेजारी शेजारी ठेवून पाठ करता येतं, नाही असं नाही. पण वाढलेली ड्युटी कुठून आली म्हणून खवळलेल्या पार्टीला ज्याने एकदा फोनवर समजावलंय, तो ते जन्मात विसरत नाही.

टॅरिफचंही तसंच. सोनाळ्याला सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्याच्या बागा आहेत, तर मी त्याला संत्र्यावरच घेतलं. ताजं संत्रं चॅप्टर 8 मध्ये. रस काढला की 20. सालीचं तेल काढलं की 33. आणि खरी मेख अशी की टॅरिफमध्ये ऑरेंज 080510 आणि मँडरीन 080521 असे वेगवेगळे आहेत. आपलं नागपुरी संत्रं वनस्पतिशास्त्राप्रमाणे मँडरीन! पोरगा अर्धा तास त्या पानावर होता. अभ्यास म्हणतात तो हा.

गावात एक शहाणा म्हणाला, समुद्र कुठं, आपण कुठं. त्याला सांगितलं की इंग्रजांनी मिठावरचा कर वसूल करायला घातलेलं काटेरी कुंपण आपल्या शेजारच्या बऱ्हाणपूरपर्यंत येत होतं, 1879 पर्यंत. कस्टम आपल्या दारापाशी येऊन गेलंय. असो.

पण मुख्य कारण वेगळंच आहे. ब्रोकरने पार्टीचा आयईसी, जीएसटी नंबर, ओळख, पत्ता तपासायचा असतो. पार्टी नियम पाळत नसेल तर आधी तिला सांगायचं, आणि तरी ऐकत नसेल तर असिस्टंट कमिशनरच्या कानावर घालायचं. हे नियम 10 मध्ये लिहिलेलं आहे. चुकलं तर 50,000 पर्यंत दंड, लायसन्स निलंबित, रद्दसुद्धा. याच्यावर चार पर्यायांचा प्रश्न येतो आणि भाचा तो बरोबर सोडवेल. पण महिन्याचं निम्मं काम देणारी पार्टी जेव्हा समोर बसून म्हणते की "एवढं इन्व्हॉइस चालवून घ्या", तेव्हा नाही म्हणायचं कसं, हे त्याने कुणाला तरी म्हणताना बघितलेलं असावं. मी माझ्या पहिल्या शेठला म्हणताना बघितलं. त्या महिन्यात पगार उशिरा झाला होता.

तर ठरलंय असं: गहू निघाला की तो पनवेलला माझ्याकडे येणार, एच-कार्डावर. पगार थोडा, पायपीट फार. परीक्षा तीन वर्षांनी.

बहिणीची अडचण निराळी आहे. 2013 पर्यंत आम्ही 'कस्टम हाऊस एजंट' होतो, मग नियमांनी 'ब्रोकर' केलं, आणि हिंदीत तर सरळ 'सीमाशुल्क दलाल'. ती म्हणते, "दादा, पोराले दलाल बनवायचं काय आता? पोरगी कोन देईन?" बाजारातला अडत्या चालतो, दलाल नाही! बायोडेटात लिहिण्यासारखा बरा मराठी शब्द कुणाला सुचला तर कळवा. घाई नाही, तीन वर्षं आहेत.