मोकळ्या जागी भरलेले नाव

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान कोसळले आणि २६० माणसे मृत्यू पावली. विमानातील कर्मचाऱ्यांपैकी एक बदलापूरचा होता. त्यामुळे उल्हासनगर-अंबरनाथपासून पुढे राहणाऱ्या आम्हा लोकांना ही बातमी दूरची नव्हती.

महिन्याने प्राथमिक चौकशी अहवाल आला. उड्डाणानंतर काही क्षणांतच इंधनाचे दोन्ही स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले. इंधन का तोडले, असे एका वैमानिकाने दुसऱ्याला विचारले. मी तोडले नाही, असे दुसऱ्याने सांगितले. कोणते वाक्य कोणाचे, हे अहवालात नाही. अपघाताच्या कारणाचा निष्कर्षही नाही.

पात्रांची नावे पुसलेले दोन संवाद हाती आले तर आपण विद्यार्थ्यांना म्हणतो, आधी संपूर्ण संहिता मिळवा. येथे मात्र अनेकांनी मोकळ्या जागी कॅप्टनचे नाव भरून टाकले आणि त्या नावाला खिन्न, एकाकी असा स्वभावही बहाल केला. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये, तुमच्या मुलाला कोणी दोष देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला त्यांच्या वृद्ध वडिलांना सांगावे लागले.

वैमानिकाच्या मनःस्वास्थ्याचा प्रश्नच खोटा आहे, असे मला म्हणायचे नाही. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने आल्प्समध्ये विमान जाणीवपूर्वक डोंगरावर आदळवले. १५० माणसे गेली. डॉक्टरांनी त्याला कामास अयोग्य ठरवले होते आणि ते त्याने कंपनीपासून लपवले होते. परवाना आणि उत्पन्न जाण्याच्या भीतीने वैमानिक आजार लपवतात, याकडे फ्रेंच चौकशीने लक्ष वेधले. पुढे २०१८ च्या युरोपीय नियमाने, वैमानिकांना सहकाऱ्यांपाशी मन मोकळे करता येईल अशी व्यवस्था विमान कंपन्यांवर बंधनकारक केली. आजारापेक्षा त्याभोवतीचे मौन अधिक घातक, हा त्या घटनेचा धडा आहे.

आपण नेमके हेच मौन वाढवीत आहोत. अहमदाबादनंतर चौथ्या दिवशी एअर इंडियाच्या ११२ वैमानिकांनी आजारपणाची रजा घेतल्याचे सरकारने संसदेत सांगितले. कारणे वेगवेगळी असतील. पण आज मी विमान चालवू शकत नाही, असे म्हणणारा वैमानिक प्रवाशांचे रक्षणच करीत असतो. उद्या त्याच रजेचा कागद त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वाचला जाणार असेल, तर तो रजा मागेल कशाला? झोप लागत नसतानाही तो गणवेश चढवील. गृहकर्जाचे हप्ते फेडणारे त्याचे घरही त्याला हेच सांगेल: कुठे बोलू नकोस, नोकरी जाईल.

नोकरीची हमी आणि पगारी उपचार ही कंपन्यांची आणि शासनाची जबाबदारी आहे. आपली, म्हणजे वाचकांची, जबाबदारी लहान आहे. दुःखी माणूस आणि संशयित माणूस हे समानार्थी शब्द नव्हेत, एवढे भाषा शिकवणाऱ्यांनी तरी विसरू नये.