ओसरीवरच्या गोष्टी : रेड्यासाठी बंदूक कोणती?

गेल्या महिन्यात आमच्या ग्वाल्हेरच्या वाड्यात एक विलक्षण प्रश्न उपस्थित झाला. दिवेलागणीची वेळ होती. आम्ही ओसरीवर झोपाळ्यावर बसून पेपरातले शब्दकोडे सोडवीत होतो. इतक्यात इयत्ता आठवीत शिकणारे आमचे नातू आतून धावत आले आणि म्हणाले, “आजोबा, रानरेड्याला थ्री-थर्टी-एट पुरेल, की फोर-सेव्हन्टीच घ्यावी लागेल?” आम्ही काही बोलण्यापूर्वीच माजघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, “रेडा कशाला हवाय आता? घ्यायचीच तर म्हैस घ्या. दुधाचे भाव काय झालेत बघा!”

खुलासा होण्यास थोडा वेळ लागला. नातवांच्या संगणकावर शिकारीचा एक खेळ आहे. ‘द हंटर : कॉल ऑफ द वाइल्ड’ असे त्याचे नाव. स्वीडनमधील स्टॉकहोमच्या एक्सपान्सिव्ह वर्ल्ड्स या संस्थेने तो २०१७ साली बाजारात आणला. त्यात जर्मनीची जंगले आहेत, सैबेरियाचा तैगा आहे, आफ्रिकेचे गवताळ रान आहे आणि २०२३ पासून नेपाळच्या धर्तीवरचे एक सुंदरपाटण नावाचे अरण्यही आहे. त्यात नीलगाय आहे, काळवीट आहे आणि पट्टेवाला वाघही आहे. आमच्या नातवांचा मुक्काम सध्या आफ्रिकेत होता आणि सातशे किलोच्या घरातल्या रानरेड्याशी गाठ पडली होती.

आमच्या सूनबाईंना हा खेळ पसंत नाही. “मुंगी चिरडली तरी हळहळणारं आपलं घर, आणि पोरगा दिवसाला चार जनावरं मारतो!” ही त्यांची तक्रार. आमचे चिरंजीव यावर वर्तमानपत्र उंच धरतात. तेव्हा निवाड्याचे काम आमच्याकडे आले. न्यायाधीशाने आधी प्रकरण वाचावे, या न्यायाने आम्ही नातवांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. वाचकहो, प्रामाणिकपणे सांगतो, आमचा बराच गैरसमज दूर झाला.

आमची कल्पना अशी होती की या खेळांत बंदूक घ्यायची आणि दिसेल त्यावर धडाधड बार टाकायचे. येथे तसे काही चालत नाही. वाऱ्याची दिशा पाहावी लागते, कारण आपला वास जनावरापर्यंत पोहोचला की ते निघून जाते. वाकून, कधी सरपटत, पावलाचा आवाज न होऊ देता जवळ जावे लागते. नातू अर्धा अर्धा तास एका झुडुपाआड बसून असतात. अभ्यासाच्या पुस्तकासमोर त्यांना इतके स्थिर बसलेले आम्ही पाहिलेले नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक जनावराचा एकपासून नऊपर्यंत एक वर्ग ठरलेला आहे. सशासारखे जीव पहिल्या वर्गात, रानरेडा नवव्या वर्गात. प्रत्येक गोळीवर ती कोणत्या वर्गांसाठी आहे हे लिहिलेले असते. हलक्या वर्गाच्या जनावरावर जड गोळी घातली तर शिकारीचे मोल जाते. जड जनावरावर हलकी घातली तर ते जखमी होऊन पळते. गोळी काळजात वा फुप्फुसात लागली की नुसती मांसात शिरली, हेही खेळ मागाहून दाखवितो.

हे वर्ग स्वीडिश मंडळींच्या खेळात पाहून आम्हांला नवल वाटले नाही, कारण त्या देशाच्या कायद्यातच शिकारीच्या दारूगोळ्याचे चार वर्ग आहेत. मूस नावाच्या अवाढव्य सांबरावर पहिल्या वर्गाचीच गोळी चालविता येते. नऊ ग्रॅमची गोळी असेल तर शंभर मीटरवर तिच्यात निदान २७०० ज्यूल शक्ती उरली पाहिजे. दहा ग्रॅम वा अधिक वजनाची असेल तर २००० ज्यूल पुरतात. म्हणजे जनावर किती मोठे, त्यावर गोळीचे वजन ठरते, ही गोष्ट तेथे सरकारदरबारी नोंदलेली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रायफलीच्या नावातला आकडा हा ढोबळमानाने तिच्या गोळीचा व्यास असतो, तोही इंचाच्या अपूर्णांकात. .२४३ म्हणजे पाव इंचाहून किंचित कमी; .४७० म्हणजे अर्ध्या इंचाला थोडी कमी. परंतु व्यासावरून भागत नाही, वजन पाहावे लागते. हरणासाठी वापरतात ती .२४३ची गोळी साडेसहा ग्रॅमची, म्हणजे आपल्या भाषेत अर्ध्या तोळ्याहून थोडी जास्त. .३७५ची गोळी साधारण साडेएकोणीस ग्रॅमची, आणि .४७०ची साडेबत्तीस ग्रॅमची, म्हणजे जवळजवळ पावणेतीन तोळे! हलकी गोळी सेकंदाला नऊशे मीटरच्या वेगाने जाते, जड गोळी साडेसहाशेच्या. वेगवान गोळी हरणाच्या नाजूक अंगात काम भागविते. रेड्याच्या जाड कातड्यातून, चिखलाच्या लेपातून आणि खांद्याच्या हाडातून आरपार काळजापर्यंत जायला मात्र वजनच लागते.

जॉन टेलर या आयरिश शिकाऱ्याने आफ्रिकेत आयुष्य घालवून १९४८ साली आफ्रिकेतील रायफली व काडतुसे यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने गोळीचा धक्का मोजण्याचे एक गणित दिले आहे. गोळीचे वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांत आणि व्यास इंचांत घ्यावा, तिन्हींचा गुणाकार करून सात हजारांनी भागावे. आम्ही नातवांना कागद-पेन्सिल दिली. .२४३चा अंक आला दहा, .३७५चा चाळीस-एकेचाळीस आणि .४७०चा सुमारे त्र्याहत्तर. गुणाकार-भागाकाराला नेहमी कुरकुरणाऱ्या या मुलाने त्या संध्याकाळी सहा रायफलींची गणिते केली. सूनबाई दारातून पाहत होत्या. त्यांच्या भूमिकेत थोडा नरमपणा आल्याचे आम्हांस जाणवले.

या .४७०चा आपल्या देशाशीही संबंध आहे, तो सांगितल्यावर नातू चकित झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५०च्या काडतुसांवर बंदी घातली. त्या मापाची सामग्री बंडखोरांच्या हाती पडून जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांत वापरली जाईल, ही त्यांची धास्ती. त्या काळी वाघ-गव्यांच्या शिकारीसाठी .४५०चाच बोलबाला होता. तेव्हा विलायतेच्या कारखानदारांनी बंदीतून सुटतील अशी नवी मापे पुढे आणली, .४६५, .४७०, .४७५. संस्थानिकांच्या शिकारखान्यांत मग ही नवी नावे दिसू लागली. नातवांच्या पडद्यावरची ती दुनळी रायफल अशी एका सरकारी भयातून जन्मलेली आहे.

“म्हणजे फोर-सेव्हन्टीच घेतो!” नातू म्हणाले. आम्ही त्यांना थांबविले, कारण गणिताची दुसरी बाजू सांगायची राहिली होती. वॉल्टर बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले, आणि त्यांतले बहुसंख्य .२७५च्या, म्हणजे सात मिलिमीटरच्या हलक्या रायफलीने. टेलरच्या गणितात तिचा अंक जेमतेम सोळा! परंतु बेलने हत्तीची कवटी करवतीने उभी कापून मेंदू नेमका कोठे असतो याचा अभ्यास केला होता, न फुलणारी भरीव गोळी वापरली होती आणि जवळ गेल्यावाचून तो बार टाकीत नसे. आमच्याकडच्या जिम कॉर्बेटजवळही त्याच मापाची रायफल होती; १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल ती त्याला भेट मिळाली होती. मात्र बेलच्या पाठोपाठ हलक्या रायफली घेऊन गेलेल्या अनेकांना बेलचे डोळे आणि बेलचा धीर नव्हता. म्हणूनच पुढे आफ्रिकेतील अनेक देशांनी धोकादायक जनावरांसाठी .३७५ हे किमान माप ठरवून दिले. कायदा हा बेलसाठी नसतो, तो तुमच्या-आमच्यासारख्यांसाठी असतो.

यावर नातू एकदम गप्प झाले. मग हळूच म्हणाले, “आजोबा, मी काल त्याला टू-फोर-थ्रीनं मारला.” मोठ्या रायफलीइतके पैसे खेळात जमलेले नव्हते, रेडा समोर उभा होता, मोह आवरला नाही. गोळी लागली, रेडा पळाला. नातू रक्ताचा माग काढीत चाळीस मिनिटे हिंडले. तेवढ्यात आईने जेवायला हाक मारली आणि त्यांनी संगणक बंद केला. “तो मेला नाही, आजोबा. कुठंतरी तसाच आहे.”

पडद्यावरचा रेडा तो. वीज गेली की रेडाही गेला. असे म्हणून आम्हांला सुटता आले असते. परंतु आम्ही सुटलो नाही, कारण आम्हांला १९५७ सालची एक संध्याकाळ आठवली.

आम्ही त्या वेळी नऊ वर्षांचे होतो. आमचे थोरले काका परवाना काढून शिवपुरीच्या बाजूला शिकारीस जात. त्या खेपेस हट्ट करून आम्हीही गेलो. काकांजवळ बाराबोरी दुनळी होती, रायफल नव्हती. अंधार पडता पडता नाल्यापलीकडे एक सांबर आले. सत्तरएक पावलांवर असेल. मोठे छर्रे घातलेले काडतूस इतक्या लांबून सांबराला आडवे करीत नाही, हे काकांना आमच्यापेक्षा कितीतरी चांगले ठाऊक होते. पण पुतण्या शेजारी बसला होता, त्याला काहीतरी दाखवायचे होते. त्यांनी बार टाकला. सांबर अडखळले, उठले आणि गेले. कंदील घेऊन आम्ही रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधले. पानांवर रक्ताचे थेंब दिसत, मग दिसेनासे होत. ते सांबर सापडले नाही. परतीच्या वाटेवर काका एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर ती दुनळी त्यांनी पुसून ठेवली, पण खांद्याला कधी लावली नाही. तो बार आपल्यासाठी टाकला गेला होता, हे आम्हांला फार उशिरा कळले. तोवर काका राहिले नव्हते.

ही गोष्ट आम्ही घरात कधी कोणाला सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी नातवांना सांगितली. सूनबाईही येऊन उंबऱ्यावर बसल्या होत्या.

नातवांनी विचारले, “जखमी झालेल्याचं पुढं काय होतं?” त्याचे उत्तर कॉर्बेटच्या त्याच वाघिणीत आहे. मेल्यावर तिचे तोंड पाहिले तेव्हा उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले आढळले, तेही जुन्या गोळीच्या जखमेने. त्यामुळे तिला नैसर्गिक भक्ष्य मारता येईना, आणि ती माणसांकडे वळली. तिच्या नावावर ४३६ बळींची नोंद आहे. ती पहिली गोळी कोणी झाडली, हे कोणालाच ठाऊक नाही. तो शिकारी कदाचित घरी जाऊन जेवला असेल आणि सुखाने झोपलाही असेल.

आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय संपला, आणि ते उत्तम झाले. ज्या शिवपुरीच्या रानात शिंदे सरकारांच्या शिकारी होत, तेथे आता माधव राष्ट्रीय उद्यान आहे. २०२३ साली तेथे पुन्हा वाघ आणून सोडले आणि २०२५ साली ते व्याघ्रप्रकल्प झाले. आमच्या नातवांना खरी रायफल कधी हाती धरावी लागणार नाही. पण आवाक्याबाहेरचे काम हाती घ्यावे काय, अपुऱ्या साधनाने घाई करावी काय, आणि आपण केलेल्या जखमेचा माग शेवटपर्यंत काढावा काय, हे प्रश्न त्यांना आयुष्यात सुटणार नाहीत.

शेवटी आमचा निकाल असा झाला. खेळ घरात राहील. रोज एक तास, गृहपाठानंतर. जनावराच्या वर्गाची रायफल जवळ नसेल तर बार टाकायचा नाही, नुसते पाहून परत यायचे. जनावर जखमी झालेच, तर त्याचा शोध लागेपर्यंत तास मोजायचा नाही आणि जेवायला हाकही मारायची नाही. हे शेवटचे कलम सूनबाईंनी स्वतः घातले. आणि नेपाळच्या रानातला वाघ मारायचा नाही, हे सौभाग्यवतींनी. त्यावर अपील नाही.

राहता राहिला मूळ प्रश्न. .३३८ की .४७०? आम्ही सांगितले, लांबून मारायचे असेल तर पहिली, कारण तिची गोळी दूरवर सरळ जाते. जवळ जाण्याचा धीर असेल तर दुसरी. नातू अजून पैसे जमवीत आहेत. परवा डोकावलो तेव्हा हाती कोणतीच बंदूक नव्हती. झुडुपाआड बसून ते रेड्यांचा कळप पाण्यावर उतरताना पाहत होते. आम्ही त्यांना काही विचारले नाही, शेजारी खुर्ची ओढून बसलो.