भाड्याची मोटार आणि विमा

सुटीत गोव्याला स्वतः चालवण्यासाठी मोटार भाड्याने घेताना विम्याचे जादा पैसे भरावेत का? आधी नंबरप्लेट पाहावी. भाड्याचा परवाना असलेल्या पेट्रोल-डिझेल मोटारीच्या काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची खासगी मोटार स्वस्तात मिळाली, तरी ती भाड्याने दिल्याचे कळल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचाच आहे. जादा पैसे असतात ते मुख्यतः त्या मोटारीच्या दुरुस्तीपोटी. दुरुस्तीचा खर्च खिशाला झेपणार नसेल, तर ते जरूर भरावेत. मात्र काच, टायर त्यात धरले आहेत का, हे सही करण्यापूर्वी करारात वाचावे.