डॉक्टरांचा माणूस

डोंबिवलीचा मानपाडा रस्ता कल्याण-शीळ रस्त्याला मिळतो, त्या पट्ट्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. प्रीमियरच्या कामगारांत कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या युनियनचा जोर होता. पावत्या फाडणारा, गेटसभेला माणसे जमवणारा, चार्जशीट मिळाल्याबरोबर लेबर कोर्टात जाणारा कार्यकर्ता तेव्हा ‘डॉक्टरांचा माणूस’ म्हणून ओळखला जाई. त्याची निष्ठा आंधळी होती, असे आज सर्रास म्हटले जाते. मला ते मान्य नाही. आपली युनियन निवडण्यासाठी मत देण्याची सोय ज्याला कायद्याने ठेवली नाही, त्याने ते मत एका माणसाच्या मागे उभे राहून दिले.

मुंबईच्या कापड गिरण्यांचे उदाहरण घ्या. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटीचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. संघाने केलेला करार कामगाराला पसंत असो वा नसो, तोच लागू. १९८१ च्या दिवाळीत बोनसच्या करारावरून गिरणगाव बिथरले, तेव्हा कामगार आपण होऊन सामंतांच्या दारात गेले. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगारांनी काम थांबवले. पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणे या मागण्यांबरोबर तो कायदा हटवण्याचीही मागणी होती. पुढे १९८४ मध्ये, देशभर काँग्रेसची लाट असताना, मुंबईतून सामंत अपक्ष खासदार झाले. युनियन निवडण्यासाठी न मिळालेली गुप्त मतपेटी गिरणगावाला अखेर लोकसभेसाठी मिळाली, आणि तिने उत्तर दिले.

सामंतांच्या आंदोलनांत हिंसा झाली, हा आक्षेप खरा आहे. कामावर जाणाऱ्या सोबत्याला मारहाण करणाऱ्याचे समर्थन निष्ठेच्या नावाखाली करता येत नाही. त्याहून जड आक्षेप असा, की हरत आलेला संप मागे घेतला गेला नाही. तो आजतागायत औपचारिकपणे मागे घेतलेला नाही. कामगार कोकणात, घाटावर परतले, हजारोंच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या. पण इथे दोष कार्यकर्त्याच्या निष्ठेपेक्षा युनियनच्या घडणीचा आहे. ‘डॉक्टर, आता पुरे’ असे सांगून ठराव मंजूर करून घेता येईल, अशी समिती त्याच्या हाती नव्हती. घराघरातली उपासमार सर्वांत आधी त्यालाच दिसत होती, आणि निर्णय मात्र एकट्या माणसाचा होता. १६ जानेवारी १९९७ ला पवईत सामंतांचा खून झाला. त्यानंतर त्यांच्या जागी तेवढ्या ताकदीने कोणी उभे राहिले नाही, यातूनही युनियनची ही एकखांबी घडण दिसते.

युनियन निवडण्याचा प्रश्न आजही आहे. नव्या औद्योगिक संबंध संहितेत हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला वाटाघाटीचा एकमेव हक्क आहे. डोंबिवली एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराचे नाव कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असते. त्याला या मोजणीत घ्यायला हवे, आणि मोजणी प्रत्येक कारखान्यात गुप्त मतदानानेच व्हायला हवी. संप सुरू करताना जसे मत घ्यायचे, तसेच तो थांबवतानाही घ्यावे, ही तरतूद युनियनांनी स्वतःच्या घटनेत आजच करावी. त्यासाठी कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही.