यंदा नाटक कोणते बसवायचे?

सुगी आटोपत आली की सीमाभागातील गावोगावची नाट्यमंडळे बैठक बोलावतात. यात्रेत नाटक कोणते बसवायचे, हा एकच विषय असतो आणि तासाभरात तो निकालात निघतो. नायक कोण होणार हे बहुधा आधीच ठरलेले असते. स्त्री-पात्रे बिदागी देऊन बाहेरून आणायची आणि हशा पिकवणारी एखादी संहिता उचलायची. खर्च होतो, गर्दीही होते. पण गावाच्या पदरात काय पडले, हे कोणी विचारत नाही.

आपल्या खेड्यांत नाटक ही नुसती करमणूक नाही. घरात मराठी बोलणारी, पण कन्नड वा इंग्रजी माध्यमात शिकणारी मुले आज अनेक घरांत आहेत. त्यांना मराठी बोलता येते. वाचताना मात्र ती अडखळतात. तालमीत हीच मुले पानेच्या पाने मराठी मोठ्याने वाचतात, पाठ करतात, चारचौघांत म्हणतात. हे काम मोर्चे आणि ठराव करू शकत नाहीत. म्हणून निवडीची पहिली कसोटी हीच असावी : या नाटकामुळे गावातल्या किती मुलामुलींच्या तोंडी मराठी वाक्ये येतील?

ही कसोटी लावली की पसंती बदलते. अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' (१९६२) घ्या. त्यातला लखोबा तर आपल्या निपाणीचा! पण सारा डोलारा एका नटावर. तसा नट गावात असेल तरच त्या वाटेला जावे. देवलांच्या 'संगीत शारदा'त (१८९९) शारदेबरोबर तिच्या मैत्रिणीही रंगमंचावर येतात. गावच्या मुलींना वाव मिळतो. गाणारे गळे कमी असतील तर पदे मोजकी ठेवावीत. देवल हे अण्णासाहेब किर्लोस्करांचे बेळगावातले विद्यार्थी आणि किर्लोस्करांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. ही परंपरा आपल्याच अंगणातली आहे. तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) तर खेड्यातल्या एका सभागृहातच घडते; पडदे आणि देखाव्यांचा खर्च नाही. विषय जड म्हणून ते बाजूला ठेवण्याआधी निदान वाचून तरी पाहावे.

'आमच्या मुली स्टेजवर कशा पाठवायच्या?' असा प्रश्न येईल. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याच मुलीचे काम पाहून आपण टाळ्या वाजवतो. मग यात्रेच्या रंगमंचावर तिला आडकाठी का? तालमी दिवेलागणीला सुरू करून वेळेत संपवाव्यात, घरची वडीलधारी माणसे तालमीला बसवावीत. अडचण निम्मी तिथेच सुटते.

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना विनंती एवढीच की, यंदा निवड चौघांत उरकू नये. दोन-तीन संहिता मिळवून त्या समाजमंदिरात सर्वांसमोर वाचाव्यात आणि वाचायला गावातलीच मुले-मुली बसवावीत. लेखक हयात असेल तर त्याची, नसेल तर वारसांची परवानगी हवी का, याची चौकशी आधीच करावी. मग जे नाटक ठरेल ते मंडळाचे न राहता गावाचे होईल.