दुधाच्या दातांचीही निगा हवी



पोराची दाढ किडली की आपल्या घरांत ठरलेले उत्तर असते, "दुधाचीच आहे, पडेल आपोआप." समोरचे दात ६-७ व्या वर्षी पडू लागतात हे खरे. पण दुधाच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर लेकराने भाकरी चावायची कशाने? दाढ ठणकू लागली की मूल ताट बाजूला सारते, रात्रभर रडते आणि सकाळी शाळा बुडते. बाबासाहेबांनी दाखवलेली शिक्षणाची वाट अशी दातदुखीने अडू द्यायची का?

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ६ व्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून तीही दुधाचीच समजली जाते. ती कायमची असते. गेली की पुन्हा येत नाही.

दाताची कीड म्हणजे अळी नव्हे. दातांवरच्या थरातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात झिजतो. म्हणून गोड किती खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले, हे महत्त्वाचे. कामावर जाताना मुलाच्या हातावर ठेवलेले पैसे गोळ्या-बिस्किटांत जातात आणि तोंड दिवसभर गोडच राहते. शाळकरी मुलाला त्याऐवजी फुटाणे, शेंगदाणे द्यावेत. गोड द्यायचेच तर जेवणासोबत द्यावे. गोड दुधाची बाटली तोंडात देऊन बाळाला निजवू नये.

दातांच्या स्वच्छतेबद्दल तथागतांनीही सांगितले आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात दातवणाचे पाच लाभ दिले आहेत. तोंडाची दुर्गंधी जाते, अन्नाची गोडी लागते, हे त्यांतलेच. आज फ्लोराईडची साधी पेस्ट आणि मऊ ब्रश वापरावा. ३ वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, ३ ते ६ वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. सकाळी आणि रात्री निजताना दात घासावेत. ७-८ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने हात लावावा.

मिश्री मात्र घरातून हद्दपार करा. ती भाजलेली तंबाखू आहे. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून बंदी आहे. आजीचे पाहून नात डबीत बोट घालते आणि तिथूनच व्यसन जडते.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. ते दातही तपासते. पुढचा उपचार मोफत असतो. पथकाने दिलेली चिठ्ठी डब्यात पडू देऊ नका. रोज बुडतो, हे खरे. पण काळा डाग दिसताच गेलात तर बहुधा एका खेपेत दात भरून होतो. पू झाल्यावर खेपा वाढतात. मग रोजही जातो आणि दातही.

येत्या रविवारी विहारात वंदना झाली की महिला मंडळाने मुलांची तोंडे उजेडात पाहावीत. ज्यांचे दात किडले आहेत, त्या सर्वांना एकाच दिवशी दवाखान्यात न्यावे. दोघींनी सोबत जावे आणि त्यांचा बुडालेला रोज बाकीच्या घरांनी वाटून घ्यावा. एकट्या आईला जे जड जाते, ते वस्तीला जड नाही.

जयभीम!