तपासणी गाठीची, खानदानाची नव्हे

गेल्या महिन्यात आम्ही शाहूपुरीत एका ओळखीच्या घरी खालांची तब्येत विचारायला गेलो होतो. उभ्या आयुष्यात तंबाखूला हात न लावलेल्या खालांना फुफ्फुसाचा कर्करोग निघाला, ॲडेनोकार्सिनोमा प्रकारचा. डॉक्टरांनी म्यूटेशनची तपासणी लिहून दिली होती, पण चिठ्ठी आठवडाभर कपाटातच. कारण विचारले तेव्हा सूनबाईंनी आम्हाला बाजूला घेऊन हळूच सांगितले, “जनुकीय म्हणजे खानदानी ना? नातीचं नातं ठरतंय. कागदावर असलं काही आलं तर?”

ही भीती इतर घरांतही असेल, म्हणून हा महिना याच विषयाला देत आहोत.

ही तपासणी खानदानाची नसते, गाठीची असते. फुफ्फुसातल्या काही पेशींच्या जनुकांत आयुष्यात कधीतरी बदल होतो आणि त्या बेसुमार वाढू लागतात. क्वचित अपवाद सोडले तर हा बदल आईबापांकडून येत नाही आणि मुला-नातवंडांकडे जात नाही. ईजीएफआर, एएलके ही अशा जनुकांची नावे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 907 भारतीय रुग्णांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध केला. त्यात सुमारे 23 टक्के रुग्णांत ईजीएफआरचा बदल आढळला. धूम्रपान न करणाऱ्यांत तो अधिक दिसतो.

बदल सापडला तर त्यावरच काम करणारी गोळी देता येते. मग तपासणीशिवायच गोळी का सुरू करू नये? आशियातील रुग्णांवरच्या एका मोठ्या अभ्यासाने 2009 साली याचे उत्तर दिले. ईजीएफआरचा बदल असलेल्यांत गेफिटिनिबच्या गोळीने आजार केमोपेक्षा जास्त काळ आटोक्यात राहिला. ज्यांच्यात बदल नव्हता, त्यांच्यात उलट केमोच सरस ठरली. म्हणजे अंदाजाने गोळी घेण्यात मोलाचा वेळ वाया जाऊ शकतो.

बायोप्सीचा तुकडा लॅबमध्ये मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. त्याला ब्लॉक म्हणतात. तो मागून घेता येतो, त्यामुळे दर वेळी रुग्णाला मुंबईला न्यावे लागत नाही. तुकडा अपुरा असेल, तर रक्तावरून तपासणी होईल का, हे डॉक्टरांना विचारावे. खर्च झेपत नसेल, तर रुग्णालयातील समाजसेवा विभागाला भेटावे. गरजू रुग्णाच्या उपचाराला जकातीतूनही हातभार लावता येतो.

आपल्या प्रेषितांनी (स.) आजारावर इलाज करण्याची शिकवण दिली आहे. दुआ करावीच, पण चिठ्ठी कपाटात ठेवून नव्हे.

आम्ही हे सारे त्या घरी समजावले, तेव्हा नात दाराआडून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ब्लॉक आणायला तीच भावाला घेऊन लॅबमध्ये गेली. रिपोर्ट अजून यायचा आहे. वाचकहो, खालांसाठी दुआ करा.